दोरी धरण्याचा मान

आमच्या शहरात कुणाला सांगितलं की मी पाणबुड्या आहे, तर समोरचा आधी माझ्याकडं बघतो, मग स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीकडं बघतो, आणि हसतो. त्याचंही बरोबर आहे. जिथं नळाला पाणी यायचा वार ठरलेला, आणि त्या वारी तरी येईल याची खात्री नाही, तिथं एक माणूस पाण्यात बुड्या मारून पोट भरतो हे कुणाला पटेल? मुलीच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांनी विचारलं, वडील काय करतात? मुलगी म्हणाली, पाण्याचंच काम आहे त्यांचं. पाहुण्यांना वाटलं, पाणीपुरवठ्यात नोकरीला असतील. असा सोयरा मिळाला म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. खरं कळेपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.

आमच्या कामात रंगीत मासे वगैरे काही नसतात. विहिरीत पडलेली मोटर काढायची. धरणावरच्या पंपाच्या तोंडाशी अडकलेली जलपर्णी, गोधड्या, एकदा तर अख्खी बाज, ओढून बाहेर आणायची. कंपन्यांच्या जमिनीखालच्या टाक्यांमध्ये झडपा बसवायच्या. आणि जुन्या बारवांच्या पोटात ज्या गुंफा असतात त्यांत शिरून बघायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात वाईट. उघड्या विहिरीत काही बिनसलं तर सरळ वर येता येतं. गुंफेत डोक्यावर दगड असतो, त्यामुळं जिथून गेलो तिथूनच परत यावं लागतं. पाणी असं गार, की वर डांबर वितळत असलं तरी खाली अर्ध्या तासात बोटं आपलं ऐकत नाहीत. त्यात गाळ. एकदा चुकून पाय लागला की सगळं असं गढूळ होतं, की स्वतःचा हात नाकासमोर धरला तरी दिसत नाही. तिथं डोळे असून नसून सारखेच. मग फक्त कमरेची दोरी.

दोरीची भाषा साधी आहे. खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे आणखी सोड. तीन म्हणजे काही विचारू नको, ओढ. वरच्यानं अधूनमधून एक हिसका द्यायचा, खालच्यानं एकानं उत्तर द्यायचं. दोरी सैल पडू द्यायची नाही आणि ताणायचीही नाही. पाच मिनिटांत कुणालाही शिकवता येईल. पण हेच काम दोन-दोन तास उन्हात उभं राहून, एकदाही मान न वळवता करणारा माणूस मला अख्ख्या जिल्ह्यात एकच भेटला, तो हमीद.

औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्याचं सुतळी-काथ्याचं आणि दोरांचं दुकान आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नायलॉनचा दोर मागितला.

"कशाला पायजे?"

"कमरेला बांधून पाण्यात उतरायचंय."

"वर कोन धरनार?"

"बघू. असेल तिथं कुणीतरी."

त्यानं काढलेला दोर परत खुंटीला अडकवला. "कुनीतरीच्या हातात मी माझा दोर देत नाय. उद्या मुडदा वर आला तर लोक दुकानाचं नाव घेतेत." आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून स्वतःच कामावर हजर. तो पुढं तीस वर्षं येत राहिला. मजा म्हणजे त्याला पोहता येत नाही. पाण्याची अशी धास्ती, की काठापासून दोन हात लांब, चपला काढून, पाय रोवून उभा राहणार. "पानी तेरा, काठ मेरा," म्हणायचा.

सगळं गाव त्याला मामू म्हणतं. कामं संपली की फोटो निघायचे. मी मधोमध, बाजूला गावचे पुढारी, आणि कुणीतरी हमखास म्हणायचं, "ओ मामू, तुम्ही जरा बाजूला व्हा." हमीद निमूटपणे बाजूला व्हायचा आणि दोर गुंडाळायला लागायचा. मला ते दर वेळी झोंबायचं. त्याला झोंबतं का, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

गिऱ्हाईकं एकेक नग असायची. बिडकीनकडच्या एका नव्या कंपनीत टाकीत उतरायचं होतं. तिथला सेफ्टी ऑफिसर कडक इस्त्रीचा. त्यानं माझ्या हातात हेल्मेट दिलं. मी म्हटलं, "साहेब, तोंडावर मास्क, पाठीवर सिलिंडर, हे कुठं घालू?" तो म्हणाला, "त्याशिवाय परमिट नाही." घातलं. मग लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट आले, तेही घातले. बुडायला सोपं गेलं. मग एक फॉर्म आला, त्यात एक रकाना होता: काम करताना ओले होण्याची शक्यता आहे काय? हमीद माझ्या खांद्यावरून वाचत होता. कानाशी म्हणाला, "नाय लिव. व्हय लिवलं तर बसशील इथंच." मी 'नाही' लिहिलं आणि पाण्याच्या टाकीत उतरलो. दोन तासांनी निथळत वर आलो तेव्हा साहेबांनी एकदा फॉर्मकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि टॉवेल काही मागवला नाही. टॉवेल मागवला असता तर तशी नोंद करावी लागली असती.

आता गुंफांचं सांगतो. आमच्या भागात गावोगावी एखादी बारव असते, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आणि प्रत्येक बारवेतून एक भुयार थेट देवगिरी किल्ल्यापर्यंत जातं. हे मी नाही म्हणत, गावं म्हणतात. किल्ल्याच्या दिशेनं इतकी भुयारं निघालेली आहेत, की किल्ला अजून खचला कसा नाही याचंच नवल वाटतं. मग गाव वर्गणी काढतं आणि मला बोलावतं. सुरुवातीची काही वर्षं मी खरं सांगायचो. वर येऊन म्हणायचो, "पंधरा फुटांवर संपतंय, पुढं दगड आहे." सरपंच घड्याळ बघायचे. जेवणाचा विषयच निघायचा नाही, आणि आम्ही दोघं एसटीच्या थांब्यावर बसून बिस्किटं खायचो.

असंच एकदा गंगापूर तालुक्यातल्या एका गावात गेलो. बारवेच्या तळाशी भोक होतं. आत शिरलो. तीसेक फुटांचा बोगदा निघाला, आणि पलीकडं तो एका जुन्या आडात उघडत होता. आड म्हणजे पाणी शेंदायची अरुंद, गोल विहीर. बारवेतलं पाणी आडात यावं म्हणून कुण्या शहाण्या माणसानं केलेली सोय, बाकी काही नाही. वर आलो आणि नाकात मटणाच्या रश्श्याचा वास घुसला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. अख्खं गाव तोंडाकडं बघत होतं.

"गुंफा हाय," मी म्हणालो. "लई लांब जाते. पुढं पाणी बर्फावानी गार झालं, म्हणून फिरलो मागं."

टाळ्या पडल्या. मला मोठ्या नळीची हाडं वाढली. परत येताना जीपमध्ये हमीद म्हणाला, "झूठ बोला तू."

"अर्धं."

"पूरा बोलता तो बिर्यानी मिलती."

ती थाप मला पुढं फार महागात पडली. त्या गावात एक बडे जमीनदार आहेत, त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात. शेती मोठी, शहरात प्लॉटिंगचा धंदा, आणि घरात बसवत नाही असा स्वभाव. बारव त्यांच्याच शेतात. वर्षभरानं मी त्या रस्त्यानं एसटीनं चाललो होतो, तर खिडकीतून हा मोठा फलक दिसला. 'हिमगुंफा. मराठवाड्यातील पहिले बर्फाळ जलगुंफा पर्यटन केंद्र.' खाली निळ्या पाण्यात पोहणाऱ्या गोऱ्या माणसाचं चित्र. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि दादासाहेबांकडं गेलो.

"दादासाहेब, तिथं बर्फ कुठाय?"

"अहो विष्णूभाऊ, तुम्हीच म्हणला ना, बर्फावानी."

"ती बोलायची पद्धत असते!"

"मंग ही आमची करायची पद्धत हाय," दादासाहेब शांतपणे म्हणाले. "बर्फ नसंल तर आणू. बर्फाचे कारखाने काय बंद पडलेत? उद्घाटनाला मंत्रीसाहेब येनार. तुम्ही बारवंतून आत जायचं, आडातून बर्फ बाजूला सारून झेंडा घेऊन वर यायचं. पेपरात फोटो येनार तुमचा."

मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. नाही आलो. साठीला टेकलेल्या माणसाला फोटोचा मोह पडला, दुसरं काय. एक अट मात्र घातली. कार्यक्रमाची आखणी करायला पुण्याहून एक तरुण आला होता. काळा टी-शर्ट, कानात यंत्र, दर वाक्यात 'एनर्जी'. त्याला बाजूला घेऊन मी सांगितलं, सत्काराच्या यादीत माझ्या दोरीवाल्याचं नाव घाला. मामू-बिमू नाही, पूर्ण नाव घाला: शेख हमीद शेख चाँद. आणि मी वर आल्यावर सत्कार करा. त्यानं मोबाइलवर नाव टिपून घेतलं. हमीदला मी काहीच सांगितलं नाही. त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं मला.

उद्घाटन मे महिन्यात ठेवलेलं. मे महिन्यात आमच्याकडच्या बारवेत बेडूक राहत नाही. मग टँकर आले. दोन दिवस टँकरवर टँकर बारवेत रिकामे होत होते. गावातली एक बाई डोक्यावर रिकामी घागर घेऊन बघत उभी होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"आमच्या आळीला पंधरा दिवस झाले टँकर नाय," ती मला म्हणाली, "अन् तुम्ही हे बुडायला पानी ओतायलात?"

"मी नाही ओतत, बाई."

"बुडनार कोन हाय मंग?"

मी मास्क पुसायला घेतला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी आड पाहिला. बर्फाच्या पाच-सहा लाद्या फोडून तुकडे सोडले होते, मधून माणूस सहज निघेल एवढी जागा होती. मी त्या पुणेरी तरुणाला म्हटलं, "बस. याच्यावर एक तुकडा टाकायचा नाही." तो म्हणाला, "शुअर, सर." मंत्रीसाहेब अकराला येणार होते, दोन वाजले. मी रबरी सूट चढवून लिंबाखाली शिजत होतो. हमीद उपरण्यानं मला वारा घालत होता आणि मंत्र्यांच्या नावानं हलक्या आवाजात असं काही बोलत होता, जे दिवाळी अंकात छापता येणार नाही.

इकडं आडातला बर्फ वितळून गेला होता. त्या तरुणानं कारखान्यातून आणखी एक टेम्पो मागवला. मला सांगायचं राहून गेलं म्हणे. मग एकदाची मोटारींची रांग आली. साहेबांना पुढं दोन लग्नं आणि एक दशक्रिया होती, म्हणून कार्यक्रम आटोपता घ्यायचं ठरलं. पाणबुड्या पाण्यात असताना वर सत्कार उरकून घ्यायचे, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. हेही मला सांगायचं राहून गेलं.

मी बारवेत उतरलो. स्टेज बारवेच्या काठावरच होतं, हमीद त्याच्या शेजारी दोरी धरून उभा. आत शिरताना मी एक हिसका दिला, वरून एक आला. बोगदा माहितीचा होता. हळूहळू, तळाला पाय न लावता पुढं सरकलो. आडात पोचलो तेव्हा आणखी एक हिसका दिला. उत्तर आलं, पण ते कसंतरीच आलं. तीन वेळा उगीच हलवल्यासारखं. हमीदचा हात असा नव्हता. मी म्हटलं, असेल काहीतरी, आणि वर निघालो.

डोकं धाडकन आदळलं. वर पांढरं छत होतं. फोडलेले तुकडे नव्हते, अख्ख्या लाद्या होत्या. टेम्पोवाल्यांनी एकावर एक अशा सोडल्या होत्या, की त्या आडाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट बसल्या. मी खांदा लावला. काही हललं नाही. पाणी इतकं गार, की कवटी दुखायला लागली. मराठवाड्यात, मे महिन्यात, बर्फाखाली अडकलेला मी पहिलाच माणूस असेन. तेवढ्यात वरून आणखी एक लादी पडली, सगळं छत हातभर खाली आलं, मी तळाकडं ढकलला गेलो आणि गाळ उठला. दिसायचं बंद झालं.

घाबरायचं नाही, दोरी धरून बोगद्यातून परत जायचं, असं मनाशी म्हटलं. तीन हिसके दिले आणि वाट पाहिली. काही नाही. पुन्हा तीन. दोरी सैल. ती ओढायला लागलो तर ती येतच राहिली, सगळीच्या सगळी, आणि शेवटी तिचं टोक माझ्या हातात आलं. टोकाच्या गाठीत काहीतरी मऊ अडकलं होतं. बोटांनी चाचपलं. झेंडूचं फूल होतं.

मला आधी भीती नाही वाटली, राग आला. हमीदनं दोरी सोडली? भीती त्यानंतर आली, आणि आली ती सगळ्या अंगात. बोगद्याचं तोंड शोधायला भिंत चाचपत गेलो. गोल विहिरीत भिंतीला सुरुवात नसते, शेवट नसतो. बोटं बधिर झालेली, दगड कुठला नि भोक कुठलं कळेना. सिलिंडरमधला श्वास जड यायला लागला. मी पुन्हा बर्फाखाली आलो आणि सुरीच्या मुठीनं ठोकत राहिलो. वर बँड वाजत होता. तो मला खाली ऐकू येत होता, मी वर कुणाला ऐकू येत नव्हतो. बायको सकाळी म्हणाली होती, आता बास करा. ते आठवलं आणि रडू आलं. मास्कमध्ये रडणं फार अडचणीचं असतं.

वर काय झालं ते मला नंतर चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं, त्यातलं जुळतं ते असं. मी आत गेल्यावर निवेदिका म्हणाली, "आता ही जीवनदोरी साहेबांच्या हस्ते धरली जाईल." दोरीच्या टोकाला झेंडूची माळ बांधली गेली. हमीद दोरी देईना. म्हणाला, "साब, ये फीत नाही है. इसके नीचे आदमी है." दादासाहेब म्हणाले, "मामू, साहेबांचा मान हाय तो. दोन मिनिटं." तरी देईना. आणि तेवढ्यात माइकवरून नाव पुकारलं गेलं, शेख हमीद शेख चाँद, यांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं. हमीदनं साहेबांच्या हातात दोरी दिली. सांगून दिली, तीन हिसके आले तर ओढा. साहेबांनी मान हलवली. फोटो झाला. माझा आडातला हिसका पोचला तेव्हा साहेब खूश झाले, "अरे वा, खालून नमस्कार करतोय!" म्हणाले आणि त्यांनी उलट दोरी हलवून नमस्कार घेतला. मग भाषणाला उठायचं, जनतेला हात जोडायचे, हात तर दोनच. दोरी टेबलावर समईशेजारी ठेवली गेली. माझे तीन हिसके समईला कळले असतील तर असतील. मग मी दोरी ओढायला लागलो, ती टेबलावरून सरसर पायऱ्यांवरून पाण्यात गेली, आणि लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. टाळ्या पडल्या म्हणे.

हमीद तेव्हा शालीसाठी मान खाली घालून उभा होता. खाली घातलेल्या मानेनंच त्यानं पायरीवरून जाणारं दोरीचं शेवटचं टोक पाहिलं. तो स्टेजवरून उडी टाकून आडाकडं धावला. तिथं बर्फाचा ओटा तयार झालेला आणि टेम्पोवाले काठावर बिडी ओढत बसलेले. त्यांची पहार उचलून हा माणूस, ज्यानं तीस वर्षांत विहिरीच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता, तो सरळ बर्फावर उतरला.

वरच्या हातभर पाण्यात गाळ अजून पोचला नव्हता. लादीच्या कडेचा बर्फ काचेसारखा असतो. त्यातून मला दोन तळवे दिसले, अनवाणी, भेगाळलेले. तीस वर्षं काठावर पाहिलेले पाय होते ते. मी खालून ठोकलं. तळवे थबकले आणि मग पहार बसायला लागली. पाच-सहा घावांत लादी दुभंगली, उलटली, आणि पहारीसकट हमीद माझ्या अंगावर पाण्यात आला.

पुढचं म्हणजे नुसती झोंबाझोंबी. त्यानं माझा गळा धरला, मी त्याची दाढी धरली. तो बुडत होता म्हणून मला सोडेना, आणि मला श्वास नव्हता तरी मी त्याला सोडेना. टेम्पोवाल्यांनी गोणपाटं खाली टाकून दोघांना वर घेतलं. तोवर गर्दी आडाकडं आली होती. निवेदिका धापा टाकत म्हणाली, "आणि पाहा, एकाच्या जागी दोन जलवीर!" पुन्हा टाळ्या. साहेब चित्तथरारक असं काहीतरी म्हणाले आणि दशक्रियेला निघून गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, दोरी धरलेले मंत्री. माझा नाही, हमीदचाही नाही.

मोटारी गेल्यावर गावातल्या बाया घमेली, घागरी, बादल्या घेऊन आल्या आणि आडातला बर्फ घेऊन गेल्या. ती घागरवालीही होती. त्या दिवशी त्या आळीत सगळ्यांनी गार पाणी प्यायलं. हिमगुंफेचा एवढाच उपयोग झाला, कारण पुढच्या पंधरवड्यात बारव आटली. फलक अजून आहे, त्यावरचा गोरा माणूस उन्हानं फिका पडलाय.

हमीदनं त्यानंतर दोरी धरली नाही. मी कामाचं बोलावणं घेऊन गेलो की म्हणायचा, "कंबर दुखती, दुसरा आदमी देख." दुसरी माणसं पाहिली मी. एक मोबाइलवर बोलत होता, एकाला ऊन लागलं. मी पाण्यात उतरायचंच सोडून दिलं. दुकानावर जाऊन बसायचो, चहा व्हायचा, पोरांच्या, आजारपणाच्या, महागाईच्या गप्पा व्हायच्या. आडाचा विषय दोघंही काढत नव्हतो. दोन वर्षं अशीच गेली. आणि मला रोज वाटायचं, की यादीत त्याचं नाव मी दिलं हे त्याला कळलं, तर हा माणूस माझं तोंड बघणार नाही. तो स्वतःला अपराधी समजून झुरत होता आणि खरा अपराधी समोर बसून त्याचा चहा पीत होता.

या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा हे सगळं लिहून काढलं. समोर बसून बोलायची हिंमत नव्हती, कागदावरचं वाचायची होती. गेल्या आठवड्यात औरंगपुऱ्यात गेलो आणि दुकानात त्याला पहिल्यापासून वाचून दाखवलं. मधे दोन गिऱ्हाईकं आली, त्यानं त्यांना नंतर या म्हटलं. यादीत नाव घातल्याचं वाचून झालं तेव्हा मी कागदावरून मान वर केली. हमीद सुतळीचा गुंडा वळत होता, ते काही थांबलं नाही.

"मालूम था मेरेकू," तो म्हणाला.

"कसं?"

"उधर सब मामू बोलते. बाप के नाव के साथ मेरा नाव किसकू मालूम था, तेरे सिवा?"

"मग दोन वर्षं बोलला का नाहीस? शिव्या तरी द्यायच्या."

या वेळी तो मराठीत बोलला. गंभीर काही असलं की तो माझ्याशी मराठीत बोलतो.

"तुझा जीव तीस वर्षं माझ्या हातात व्हता. ह्याच्यापेक्षा मोठा मान कोनता असतो रे? मला तर कळत व्हतं. तुलाच वाटलं, मामूला शाल पायजे. त्याचा मला राग आला." गुंडा खाली ठेवून त्यानं तळवे मांडीवर पुसले. "पन माइकवर नाव आलं ना, तवा मलाबी वाटलं. एकच मिनिट वाटलं, की हेच पायजे व्हतं. त्या मिनिटाची लाज वाटते. तुझ्यामुळं नाय सोडली दोरी मी."

मी विचारलं, "हे छापायला देऊ? का तुझं नाव काढून टाकू?"

"नाव ऱ्हाऊ दे. पन नीट लिव. मिनिस्टरनं नाय, मी सोडली दोरी. तसं लिव."

त्यानं सांगितलं म्हणून तसं लिहिलं आहे. पण त्याच्या हातातून ती मी सोडवली, आणि हे तो काहीही म्हणाला तरी मी खोडणार नाही.